चाहते ४० वर्षं एकाच अल्बमचं नाव घेत राहिले, शेवटी कलाकाराला ऐकावं लागलं. काय आहे ‘ओमाडॉन’ची गोष्ट?

कोणत्याही जुन्या कलाकाराच्या पोस्टखाली जा, एक कमेंट हमखास सापडते. ‘सर, पूर्वीसारखं काहीतरी करा ना.’ बहुतेक कलाकार अशा कमेंटकडे दुर्लक्ष करतात. काही जण चिडतात. ब्रिटिश संगीतकार माइक ओल्डफिल्डने मात्र अशा कमेंट वाचल्या, त्यावर विचार केला आणि वयाच्या साठीनंतर थेट नवा अल्बमच बनवला.

गंमत म्हणजे, चाहते ज्या अल्बमचं नाव घेत होते तो त्याचा सगळ्यात प्रसिद्ध अल्बम नव्हता. सगळ्यात जास्त खपलेला तर मुळीच नव्हता. १९७५ साली आलेल्या त्या अल्बमचं नाव ‘ओमाडॉन’. दोन लांबलचक रचना, त्यात गाणं म्हणावं असं जवळपास काहीच नाही, आयरिश पाइप, आफ्रिकन ढोल आणि भरपूर गिटार. रेडिओवर वाजवायला अगदीच गैरसोयीचा.

तरीही श्रोत्यांच्या मनात त्याने पहिला नंबर पटकावला. तो कसा? आणि चाहत्यांचा हट्ट पुरवल्यावर पुढे काय झालं?

आधी माइक ओल्डफिल्ड कोण ते पाहू

माइक ओल्डफिल्डचा जन्म १९५३ सालचा, इंग्लंडमधल्या रेडिंगचा. आई आयरिश. लहानपणीच त्याच्या हातात गिटार आली. घरातलं वातावरण ताणाचं होतं, आईला मानसिक आजाराने ग्रासलं होतं. अशा वेळी आपल्या खोलीत जाऊन तासन्‌तास गिटार वाजवणं हीच त्याची सुटका होती, असं त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. किशोरवयातच तो बहीण सॅलीबरोबर लोकसंगीत वाजवू लागला.

१९७३ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला, ‘ट्युब्युलर बेल्स’. त्यातली बहुतेक वाद्यं त्याने एकट्याने, एकावर एक थर चढवत वाजवली होती. काम सुरू केलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता. रिचर्ड ब्रॅन्सनच्या व्हर्जिन रेकॉर्ड्सने बाजारात आणलेला हा अगदी पहिला अल्बम. त्याच वर्षाच्या शेवटी ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा भयपट आला. त्यात या अल्बमची सुरुवातीची धून वापरली होती आणि ती जगभर पोहोचली. अल्बमच्या दीड कोटीहून जास्त प्रती खपल्याचं सांगितलं जातं.

आता हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण ओल्डफिल्डला प्रसिद्धी झेपली नाही. त्याला पॅनिक अटॅक यायचे, गर्दी नको वाटायची. त्यामुळे तो शहरापासून दूर, इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरच्या किंग्टन गावाजवळ राहायला गेला. समोर जी टेकडी दिसायची तिचंच नाव त्याने १९७४ च्या दुसऱ्या अल्बमला दिलं, ‘हर्जेस्ट रिज’.

हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याला तिथून खाली ओढलं कोणी? तर त्याच्याच ‘ट्युब्युलर बेल्स’ने. समीक्षकांनी मात्र ‘पहिल्याचीच पुढची आवृत्ती’ असा शेरा मारला. २१ वर्षांच्या मुलाला ते लागायचं तेवढं लागलं.

आईचा मृत्यू आणि झडून गेलेली टेप

तिसऱ्या अल्बमसाठी ओल्डफिल्डने आपल्या घरातच स्टुडिओ उभारला. या घराचं नाव होतं ‘द बीकन’. १९७५ च्या जानेवारीत, म्हणजे काम जेमतेम सुरू झालेलं असताना, त्याची आई गेली. तो कामात आणखी बुडाला.

त्यात दुसरं संकट आलं. ते समजून घ्यायचं तर त्या काळातलं रेकॉर्डिंग कसं चालायचं ते बघावं लागेल.

आज लॅपटॉपवर कितीही ट्रॅक टाकता येतात, चुकलं तर मागे जाता येतं. तेव्हा दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर २४ ट्रॅक मावायचे. एक वाद्य वाजवायचं, टेप मागे घ्यायची, ते ऐकत ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर दुसरं वाद्य वाजवायचं. मग तिसरं, मग चौथं. याला ओव्हरडबिंग म्हणतात. दर वेळी टेप मशीनच्या हेडवर घासत पुढे सरकते. साध्या बँडला हे मोजक्या वेळा करावं लागतं. एकटा माणूस आख्खा वाद्यवृंद उभा करत असेल, तर तीच टेप अक्षरशः शेकडो वेळा फिरते.

झालंही तसंच. महिनोन्‌महिने खपून पहिला भाग उभा राहत आला आणि टेपवरचा चुंबकीय कणांचा थर झडायला लागला. थर गेला म्हणजे आवाज गेला. ओल्डफिल्डला पहिला भाग पुन्हा पहिल्यापासून वाजवावा लागला.

२०१० मध्ये या अल्बमची नवी आवृत्ती निघाली. त्यात ‘हरवलेलं रूप’ अशा नावाखाली सुरुवातीच्या काळातलं जवळपास १४ मिनिटांचं एक रेकॉर्डिंगही होतं. ते ऐकलेले श्रोते सांगतात की धून ओळखीची वाटते, पण त्यात पुढच्या रूपातला आवेग नाही. म्हणूनच अनेकांचं मत असं की टेप खराब झाली हे अल्बमच्या पथ्यावरच पडलं. दुसऱ्यांदा वाजवेपर्यंत ओल्डफिल्डच्या बोटांना ते संगीत पाठ झालं होतं.

याला ‘केल्टिक’ का म्हणायचं?

केल्टिक म्हटलं की आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधला ब्रिटनी हे प्रदेश डोळ्यांसमोर येतात. एकेकाळी एकाच कुळातल्या भाषा बोलणारे हे भाग. त्यांच्या लोकसंगीताची चाल, वाद्यं आणि नाचाचे ठेके यांना आज सरसकट केल्टिक म्हटलं जातं.

‘ओमाडॉन’मध्ये हा रंग तीन गोष्टींमधून येतो.

पहिली गोष्ट म्हणजे इलन पाइप. बॅगपाइप आपल्याला माहीत आहे तो प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला, तोंडाने फुंकून वाजवायचा, मैदान दणाणून सोडणारा. आयर्लंडचा इलन पाइप वेगळा. तो बसून वाजवतात आणि त्यात हवा भरायला कोपराखाली छोटा भाता असतो. त्याच्या नावाचा संबंधच कोपराशी आहे. आवाज मऊ, थोडा रडवेला. अल्बममध्ये तो वाजवला आहे पॅडी मोलोनी यांनी. ‘द चीफटन्स’ हा आयरिश पारंपरिक संगीताचा जगप्रसिद्ध गट १९६२ मध्ये डब्लिनमध्ये सुरू झाला, त्याचे ते संस्थापक. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे धरून ठेवलेला सूर. पाइपमध्ये मुख्य धून सुरू असताना खाली एक स्वर अखंड चालू असतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे पटकन समजेल. पाश्चात्त्य रॉकमध्ये गिटारचे कॉर्ड सारखे बदलत राहतात. इथे मात्र बराच वेळ एकाच सुराच्या आधारावर धून फिरते. त्यामुळे ऐकणाऱ्याला एका जागी बसून दूरवरचं पाहत असल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट ठेका. आयरिश नाचात ‘जिग’ नावाचा प्रकार आहे. त्याची मोजणी सहाची, तीन-तीनच्या दोन गटांत. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रांची ज्याला सवय आहे त्याचा पाय इथे आपोआप हलेल, फक्त वेग जास्त असतो. दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे असाच नाचरा तुकडा येतो.

अल्बमचं नावही आयरिश शब्दाच्या जवळ जाणारं आहे. आयरिश भाषेत ‘अमादान’ म्हणजे मूर्ख, खुळा. पहिल्या भागात बायकांच्या आवाजात काही शब्द येतात. ते इतके गूढ वाटतात की वर्षानुवर्षं अनेक श्रोत्यांना तो एखादा प्राचीन मंत्र वाटायचा. खरी गोष्ट वेगळीच निघाली. ओल्डफिल्डला फक्त कानाला छान वाटतील असे शब्द हवे होते. गायिका क्लोडा सायमंड्सने घरातली माणसं, मांजर असं काहीतरी साधं, निरर्थक जुळवलं आणि त्याचं आयरिश भाषांतर गायलं. मंत्र म्हणून डोळे मिटून ऐकणाऱ्यांचा थोडा हिरमोड झाला, पण ऐकणं कोणी सोडलं नाही.

मग हा अल्बम पूर्ण केल्टिक आहे का? तर नाही. पहिल्या भागाच्या शेवटी जे ढोल वाजतात ते ‘जाबुला’ या गटाचे. हे दक्षिण आफ्रिकेतले कलाकार, वर्णभेदी राजवटीच्या काळात देश सोडून लंडनमध्ये राहणारे. त्यामुळे काही श्रोते ‘केल्टिक’ या लेबलवरच आक्षेप घेतात. त्यांच्या मते हे ‘वर्ल्ड म्युझिक’ आहे, तेही तो शब्द दुकानांच्या रॅकवर यायच्या आधीचं.

श्रोते नक्की कशावर फिदा आहेत?

या अल्बमवर बोलणाऱ्या दहा जणांना विचारलं तर त्यातले बहुतेक एकाच जागेचं नाव घेतील. पहिल्या भागाची शेवटची काही मिनिटं.

तिथे काय घडतं? हा भाग साधारण १९ मिनिटांचा. सुरुवात हळवी, दबक्या आवाजातली. एक धून येते, जाते, वेगळ्या वाद्यावर परत येते. मध्ये बासरीच्या जातीचं रेकॉर्डर हे वाद्य खेळकर तान घेतं. मग हळूहळू ढोल सुरू होतात. त्यावर बायकांचे आवाज. ढोल वाढत जातात आणि त्यातून इलेक्ट्रिक गिटार अशी बाहेर पडते की ती वाजतेय की ओरडतेय हे कळत नाही. शेवटी सगळं थांबतं आणि फक्त ढोल उरतात.

या गिटारला श्रोते ‘किंकाळी’ म्हणतात. आईच्या मृत्यूची गोष्ट माहीत झाल्यावर तर ही किंकाळी अनेकांना वेगळीच ऐकू येते. काहींचं म्हणणं असं की ओल्डफिल्डला जे बोलता आलं नाही ते तिथे बाहेर पडलं. शब्द नसल्यामुळे ऐकणारा आपलं दुःख त्यात घालू शकतो, हे कारणही वारंवार सांगितलं जातं. जवळचं माणूस गेल्यावर हा अल्बम ऐकला, असं लिहिणारे श्रोते वेगवेगळ्या देशांत सापडतात.

दुसरं आवडतं ठिकाण म्हणजे दुसऱ्या भागातला इलन पाइप. हा भाग सुरू होतो तो गिटारच्या जाड भिंतीने. एकावर एक चढवलेले इतके थर, की त्यातली एक गिटार वेगळी काढता येत नाही. काही मिनिटांनी ही भिंत विरते आणि साध्या गिटारच्या साथीने मोलोनींचा पाइप सुरू होतो. धुकं हटून हिरवं माळरान दिसावं, असं त्याचं वर्णन बरेच जण करतात.

तिसरं कारण जरा तांत्रिक आहे. हा अल्बम हाताने वाजवलेला वाटतो. बोटं तारेवरून सरकल्याचा आवाज, नखाचा स्पर्श, किंचित मागेपुढे होणारी लय हे सगळं त्यात आहे. सिंथेसायझर आहे, पण तो मागे राहतो. आजच्या घासूनपुसून चकचकीत केलेल्या रेकॉर्डिंगची सवय झालेल्या कानांना ही खरखर माणसाची वाटते.

पण सगळ्यांनाच आवडतो असं नाही

चाहत्यांचं प्रेम मोठं असलं तरी टीकाकारही आहेत आणि त्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत.

पहिला आक्षेप लांबीवर. तीच धून पुन्हा पुन्हा येते, मग १९ मिनिटं कशाला? यावर चाहत्यांचं उत्तर असं की शेवटचा स्फोट परिणाम करतो तो आधीच्या शांत मिनिटांमुळेच. फक्त शेवटची पाच मिनिटं ऐकली तर तो नुसता गोंगाट वाटेल. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकताना जो धीर लागतो, तोच धीर इथे लागतो.

दुसरा आक्षेप दुसऱ्या भागावर. ती गिटारची भिंत काहींना भव्य वाटते, तर काहींना नुसता चिखल. या भागात सुंदर तुकडे आहेत, पण ते एकमेकांना नीट जोडलेले नाहीत, असं ‘ओमाडॉन’ आवडणारेही मान्य करतात.

तिसरा वाद सगळ्यात मजेशीर. अल्बमच्या अगदी शेवटी ‘ऑन हॉर्सबॅक’ नावाचं छोटंसं गाणं आहे. घोड्यावरून टेकड्यांवर भटकण्याच्या आनंदाचं, लहान मुलांच्या कोरसचं. एवढ्या गंभीर संगीतानंतर हे बालगीत कशाला, असा एका गटाचा सवाल. दुसऱ्या गटाचं म्हणणं, इतकी घुसमट ऐकल्यावर शेवटी कोणीतरी मोकळ्या हवेत श्वास घेतो, तेच हे गाणं. १९७५ च्या ख्रिसमसला हेच गाणं ‘इन दुल्ची युबिलो’ या सिंगलच्या मागच्या बाजूला होतं आणि ते सिंगल ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

चौथा मुद्दा काळाचा. ‘ओमाडॉन’ हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम. येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, पिंक फ्लॉइड ही याच दुनियेतली नावं. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून रेकॉर्डची आख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना करायच्या, हा या प्रकाराचा छंद. पण १९७६-७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक रॉक आला आणि लांब रचना म्हणजे श्रीमंती थाट असं समीकरण झालं. या संगीताची फॅशन गेली. पुढे ‘ओमाडॉन’ टिकला तो एका श्रोत्याने दुसऱ्याला ऐकवला म्हणून.

चाहत्यांचा हट्ट आणि ‘रिटर्न टू ओमाडॉन’

दरम्यान ओल्डफिल्ड बरंच काही करत होता. १९९० मध्ये त्याने ‘अमारोक’ हा अल्बम केला, ६० मिनिटांची एकच सलग रचना. त्यात मोलोनी, सायमंड्स आणि जाबुला हे सगळे परत आले. चाहत्यांच्या एका गटासाठी हाच ‘ओमाडॉन’चा खरा वारसदार आहे आणि हा वाद आजही मिटलेला नाही.

पुढच्या काळात तो इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला, ‘ट्युब्युलर बेल्स’चे पुढचे भाग केले, २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात वाजवलं, २०१४ मध्ये गाण्यांचा रॉक अल्बम काढला. पण समाजमाध्यमांवर चाहते काय लिहितात हे पाहिलं की पुन्हा पुन्हा एकच नाव दिसायचं. ‘ओमाडॉन’ चाहत्यांना ‘ट्युब्युलर बेल्स’पेक्षाही जास्त का आवडतो, हा प्रश्न आपल्याला पडला होता, असं त्याने मुलाखतींमध्ये सांगितलं. त्याला सापडलेलं उत्तरही साधं होतं. ते खरं, हाताने वाजवलेलं संगीत आहे, त्यात दिखाव्याचा हिशोब नाही.

याच काळात त्याच्या घरात पुन्हा एक मृत्यू झाला होता. २०१५ मध्ये त्याचा तरुण मुलगा वारला. पहिला ‘ओमाडॉन’ आईच्या जाण्याच्या सावलीत झाला, दुसऱ्याची सुरुवात मुलाच्या जाण्यानंतर झाली. हा योगायोग श्रोत्यांच्या नजरेतून सुटला नाही.

जानेवारी २०१७ मध्ये ‘रिटर्न टू ओमाडॉन’ आला. बहामाजमधल्या आपल्या घरी त्याने तो रेकॉर्ड केला. जुन्या रेकॉर्डसारखेच दोन भाग, प्रत्येकी सुमारे २१ मिनिटांचे. गिटार, मँडोलिन, बँजो, युकुलेली, आयरिश बोधरान ढोल, छोटी शिट्टी, सगळं त्याने एकट्याने वाजवलं. ब्रिटनच्या यादीत हा अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. १९७५ चा ‘ओमाडॉन’ही चौथ्याच क्रमांकापर्यंत गेला होता.

श्रोत्यांची मतं मात्र विभागली गेली. एक गट भारावून गेला. कित्येक वर्षांनी त्याची गिटार पुन्हा बोलली, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या गटाला काहीतरी कमी वाटलं. मोलोनींचा पाइप नाही, जाबुलाचे ढोल नाहीत आणि मुख्य म्हणजे ती किंकाळी नाही. संगीत सुंदर आहे, पण ते आठवणीत रमलेल्या माणसाचं आहे, जखम ताजी असलेल्या माणसाचं नाही, अशी त्यांची तक्रार.

यात चूक कोणाची असं म्हणता येत नाही. २२ वर्षांच्या मुलाने एका वर्षात जे सोसलं ते ६३ वर्षांच्या माणसाकडून मागणीप्रमाणे परत मिळणार नव्हतंच. चाहत्यांना खरं तर १९७५ परत हवं होतं. ओल्डफिल्डने त्यांना २०१७ दिलं, त्याच टेकड्यांकडे लांबून पाहणारं. म्हणून अनेक जण सांगतात की दुसरा अल्बम पहिल्याशी तुलना न करता ऐकला तरच तो उलगडतो.

२०२३ मध्ये, ‘ट्युब्युलर बेल्स’ला ५० वर्षं झाली तेव्हा, ओल्डफिल्ड निवृत्त झाल्याची बातमी आली. त्यामुळे ‘रिटर्न टू ओमाडॉन’ हाच त्याचा आतापर्यंतचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला आहे. म्हणजे ज्या कलाकाराची सुरुवात एका भयपटामुळे जगभर पोहोचली, त्याचा शेवटचा अल्बम चाहत्यांच्या कमेंटमुळे झाला.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर

दोन्ही अल्बम स्ट्रीमिंगवर सहज मिळतात. १९७५ च्या ‘ओमाडॉन’चा पहिला भाग आधी लावा. हेडफोन असेल तर उत्तम, कारण थर खूप आहेत. पुढे ढकलत ढकलत शेवटाला जाऊ नका. १९ मिनिटं म्हणजे लोकलचा अर्धा प्रवास, तेवढा वेळ मोबाइल खिशात राहू शकतो.

ढोल सुरू झाल्यावर गिटार कधी येते तेवढंच बघा. ती ऐकून अंगावर काटा आला तर तुम्ही चाहत्यांच्या बाजूचे. नाही आला तर टीकाकारांच्या बाजूलाही बरीच माणसं आहेत, तिथेही जागा आहे.